भरल्या टेबलाचा चित्रकार

घरातले ताट परक्याच्या नजरेस पडू नये, असा आपल्याकडचा जुना संकेत आहे. अन्न झाकून ठेवायचे, जेवणाऱ्याकडे टक लावून पाहायचे नाही, आणि दृष्ट लागली असे वाटलेच तर मीठ-मोहरी ओवाळून ती काढून टाकायची. सगळे पदार्थ उघड्यावर मांडायचे ते फक्त देवापुढे. नैवेद्याच्या पानात किंवा अन्नकूटाच्या राशीत. भारतीय चित्रपरंपरेत नुसत्या खाद्यवस्तूंना स्वतंत्र चित्रविषयाचा मान फारसा मिळाला नाही, त्यामागे हा संकोच असावा. मांडूच्या सुलतानासाठी सन १५०० च्या सुमारास तयार झालेल्या ‘निमतनामा’ या पाककृतींच्या सचित्र हस्तलिखितात पदार्थ आहेत, पण चित्राच्या मध्यभागी सुलतान बसलेला आहे. नाथद्वाऱ्याच्या अन्नकूटचित्रांत भाताचे डोंगर आहेत, पण ते श्रीनाथजींसाठी आहेत. कुणी खाणारा नाही, कुणी देव नाही, फक्त टेबलावर मांडलेली फळे आणि भांडी, असे चित्र काढण्याची रीत आपल्याकडे इंग्रजी अमदानीत कलाशाळांबरोबर आली.

या परक्या चित्रप्रकाराला मुंबईत आपलेसे करणारा कलावंत ज्या घरात वाढला, त्या घरात मांडलेले टेबल त्याच्यासाठी कधीच नव्हते. कृष्णाजी हौलाजी आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. वडील मोटारचालक होते. तीन वर्षांचे असताना आई गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले, आणि वयाच्या सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईला पळून आला. पोट भरण्यासाठी मोटारी पुसण्याचे काम त्याने धरले. पुढे एका इंग्रज कुटुंबात घरकामाला तो राहिला. शाळा जेमतेम. चित्रकलेची हौस मात्र होती आणि घरातल्या लोकांच्या ती लक्षात आली होती.

त्या काळच्या मुंबईतल्या साहेबाच्या घरात अन्नाभोवती नोकरांची एक उतरंडच असे. खानसामा शिजवी, बटलर वाढी, हमाल झाडलोट करी, आणि पोऱ्याच्या वाट्याला उरलेले सगळे काही येई. टेबलावर पांढरी चादर अंथरायची, काचेचे पेले लख्ख पुसायचे, फळांचे तबक मधोमध ठेवायचे, फुलदाणीतले पाणी बदलायचे. साहेब आणि मेमसाहेब येऊन बसण्यापूर्वीची काही मिनिटे त्या टेबलाला कुणी खाणारा नसतो, फक्त मांडणारा असतो. युरोपातल्या चित्रकारांनी ज्याला स्थिरचित्र म्हटले ते खरे तर याच काही मिनिटांचे चित्र आहे. जेवण तयार आहे, माणूस नाही.

त्या चित्रप्रकाराचा श्रीमंतीशी असलेला संबंध जुना आहे. प्राचीन ग्रीसमधले सधन यजमान पाहुण्यांच्या खोलीवर कोंबड्या, अंडी, भाज्या आणि फळे भेट म्हणून पाठवीत, आणि अशा शिध्याच्या चित्रांना त्यावरूनच नाव पडले, असे रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. पाँपेईच्या भिंतींवर तशी चित्रे सापडली. पण अन्नाच्या चित्राला घरातल्या जमाखर्चाच्या वहीचे रूप दिले ते सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी. हार्लेमच्या पीटर क्लास याने १६२७ साली रंगवलेले एक टेबल ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर टर्कीच्या पिसांनी सजवलेली मांसाची पाई, सोललेले लिंबू, कालवे, चिनी मातीचा वाडगा, शिंपल्याचा पेला आणि मीठदाणी आहे. आणि एका कोपऱ्यात चक्क पंचांगाचे पान गुंडाळून केलेली मिऱ्याची पुडी! आपल्या वाण्याने बांधावी तशी ही पुडी त्या सगळ्या थाटात क्षुद्र वाटते; प्रत्यक्षात तिच्यातले मिरे आणि शेजारचा चिनी वाडगा अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडून आलेले होते. डच ईस्ट इंडिया कंपनीची गलबते पूर्वेकडच्या बंदरांतून जे आणीत होती, त्याची यादीच त्या टेबलावर मांडलेली आहे. पुढच्या पिढीत विलेम काल्फने तर चांदी, चिनी भांडी आणि अर्धवट सोललेली लिंबे यांपलीकडे फारसे पाहिलेच नाही. खाण्याची इच्छा त्या चित्रांकडे पाहून होत नाही, मालकी कळते.

त्या टेबलांवरची मीठदाणी तर विशेष पाहण्यासारखी. युरोपातल्या श्रीमंतांच्या पंक्तीत मीठदाणी चांदीची, नक्षीदार असे आणि तिच्यापासून कोण किती दूर बसतो यावरून त्याचा दर्जा ठरे. मीठ स्वस्त झाल्यावरही तिचा मान टिकला. आपल्याकडे इंग्रज सरकारने हाच पदार्थ करपात्र केला आणि गरिबाच्या भाकरीवरून तो वसूल केला. १९३० च्या एप्रिलमध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी गिरगाव चौपाटीवर मीठ तयार केले, मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींचे जथे चालून गेले आणि शेकडोंनी लाठ्या खाल्ल्या. सोळा-सतरा वर्षांचा आरा या आंदोलनात उतरला आणि काही महिने तुरुंगात जाऊन आला. साहेबाच्या घरात वाढलेल्या मुलाने साहेबाच्याच मिठाच्या कराविरुद्ध शिक्षा भोगावी, ही गोष्ट त्यांच्या चरित्रलेखांत एका वाक्यात उरकली जाते. ज्याच्या चित्रांत पुढे टेबले आणि भांडी आयुष्यभर आली, त्याच्या बाबतीत तरी तिला अधिक जागा मिळायला हवी होती.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांना एका जपानी कंपनीत मोटारी धुण्याचे काम मिळाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि मुंबईतल्या जपानी कंपन्यांचा कारभार आटोपला. आरा मात्र वाळकेश्वरच्या आपल्या लहानशा नोकरखोलीत राहिले. मलबार हिलच्या उतारावर, शहरातल्या सर्वांत महागड्या वस्तीत, एक खोली आणि तिच्यात रंग, कागद, भांडी. पुढे नाव झाले, पदके मिळाली, तरी हा पत्ता बदलला नाही.

या खोलीतली चित्रे बाहेर आली ती परदेशी निर्वासितांच्या मदतीने. हिटलरच्या छळामुळे मध्य युरोपातून मुंबईत आलेल्या तिघांनी त्या काळच्या नव्या चित्रकलेला मोठा हात दिला. रूडी व्हॉन लायडन वृत्तपत्रांतून कलासमीक्षा लिहीत, वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक होते, आणि इमॅन्युएल श्लेसिंजर हे उद्योजक चित्रे विकत घेत. आरांची चित्रे व्हॉन लायडन यांच्या नजरेस पडली आणि लँगहॅमरनी त्यांना प्रोत्साहन दिले. लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे. तिथल्या गप्पांतून आणि युरोपीय चित्रांच्या छापील प्रतींतून सेझान, मातिस ही नावे मुंबईच्या तरुणांना कळली. १९४२ साली आरांचे पहिले एकल प्रदर्शन मुंबईत भरले आणि चांगले गाजले. १९४४ साली मराठ्यांच्या लढाईवरील त्यांच्या चित्राला गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले.

या दोन सालांच्या मध्ये १९४३ आहे. बंगालच्या दुष्काळात त्या वर्षी आणि त्यापुढे सुमारे तीस लाख माणसे मेली. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग सुरू झाले आणि गिरणगावापासून कुलाब्यापर्यंत धान्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. बंगालमध्ये झैनुल आबेदीन आणि चित्तप्रसाद यांनी भुकेने मरणाऱ्यांची रेखाटने केली. चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. अन्नाचे चित्र काढायचे तर त्या वर्षी ते रिकाम्या थाळीचेच असायला हवे होते, असे कुणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण. आरांनी त्या काळात भिकारी, जुगारी, वेश्या यांची चित्रे काढली खरी, पण त्यांचा हात रमला तो फुलदाणीत, फळांत आणि भांड्यांत. समकालीनांपैकी काहींना ही पळवाट वाटली असेल. जो उपासमार पाहून नव्हे तर सोसून आला आहे, त्याने भरलेले टेबल रंगवणे ही पळवाट असते का, हा प्रश्न मात्र त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिले की अडून बसतो.

त्यासाठी त्यांचे टेबल कसे आहे ते पाहावे लागते. आरांनी सुरुवातीला जलरंग आणि अपारदर्शक रंग वापरले, तेही इतके जाड की कागदावरचे चित्र लांबून तैलरंगातले वाटावे. बाह्यरेषा ठसठशीत, रंग भडक म्हणावेत असे मोकळे. फळे, जग, बाटल्या, ताटल्या, चुरगळलेले कापड आणि बहुतेक वेळा फुले. यांतले काहीच मौल्यवान नाही. डच चित्रातल्या वस्तूची किंमत सांगता येते. चांदीची चकाकी, काचेची जाडी, लिंबाच्या सालीची शिरा अशा बारकाईने रंगवलेली असते की सराफाने डोळ्याला भिंग लावावे. आरांचा जग कशाचा आहे, पितळेचा की मातीचा, हे पुष्कळदा कळतच नाही. तो निळा आहे किंवा तांबडा आहे, पोटात फुगीर आहे आणि टेबलावर घट्ट बसलेला आहे, एवढे पुरे होते. वस्तूची बाजारातली ओळख त्यांनी पुसून टाकली.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या चित्रांत टेबलाचा पृष्ठभाग पाहणाऱ्याकडे कललेला दिसतो. फळे घरंगळून खाली येतील की काय, असे वाटावे इतका. ही युक्ती सेझानकडून आली हे उघड आहे आणि समीक्षकांनी ती तशी नोंदवलीही. पण टेबल असे दिसते कुणाला? खुर्चीवर बसलेल्याला ते आडवे दिसते, समोरच्या पाहुण्याचा चेहरा दिसतो. टेबल वरून, सबंधच्या सबंध दिसते ते उभ्या असलेल्या माणसाला, जो वाढतो आणि उचलतो. सेझान बँकेच्या मालकाचा मुलगा होता. त्याच्या सफरचंदांखालचे टेबल कलले ते चित्ररचनेच्या शोधात. मुंबईतल्या मोटारी धुणाऱ्या माणसाने ती दृष्टी इतक्या सहज उचलली, त्याचे कारण ती त्याच्या ओळखीची होती, असे मानायला जागा आहे.

या चित्रप्रकाराला मुंबईत तोपर्यंत फारशी प्रतिष्ठा नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले, पण तिथे वस्तुचित्र हा हात बसवण्याचा धडा होता. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेत बादली, तांब्या, चार कांदे आणि एक वांगे मांडून पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी जे काढले, ते त्याच धड्याचे शेंडेफळ. युरोपातल्या अकादमींनीही पौराणिक प्रसंग सर्वांत वर आणि स्थिरचित्र सर्वांत खाली असा क्रम लावून दिलेला होता. मुंबईचे शेठ-सावकार आपली श्रीमंती दाखवण्यासाठी स्वतःची तैलचित्रे काढून घेत. जेवणाच्या टेबलाचे चित्र दिवाणखान्यात लावावे, हे त्यांच्या मनातही आले नसते. सामान्य माणसाच्या घरी ऐश्वर्याचे चित्र म्हणजे लक्ष्मीचे, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातले. तो छापखाना १८९४ साली गिरगावातच सुरू झाला होता. आणि लालबाग-परळच्या खानावळींत गिरणी कामगार ज्या ताटांवर जेवत, ती ताटे चित्राच्या चौकटीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

१९४७ साली फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा. सूझांना जे. जे.मधून काढून टाकलेले, हुसेन सिनेमाची पोस्टरे रंगवून आलेले, आरा मोटारी धुऊन. एवढे असूनही या सहांत सर्वांत कमी शिकलेले आरा होते. १९४९ साली रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात गटाचे प्रदर्शन झाले. मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, १९५० साली रझा पॅरिसला, पाठोपाठ बाकरेही लंडनला. आरा कुठेच गेले नाहीत. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते ‘टू जग्ज’ या चित्राला. आठ वर्षांपूर्वी लढाईच्या चित्राला बक्षीस मिळाले होते. आता दोन जगांना मिळाले. अकादमीच्या उतरंडीतली सर्वांत खालची पायरी मुंबईत एवढ्यापुरती तरी वर आली.

पन्नासच्या दशकात या शहरात चित्रे विकत घेणारा नवा वर्ग तयार होत होता. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रे घ्यायला सुरुवात केली, त्या संग्रहात आराही आहेत. मरीन ड्राइव्ह, मलबार हिल, कफ परेडच्या घरांत आरांची फुले आणि फळे जाऊ लागली. त्यांच्या यशात हाच एक धोका होता. नग्न, भिकारी किंवा वधस्तंभावरचा ख्रिस्त दिवाणखान्यात लावायला धाडस लागते. फुलदाणी कुणालाही चालते. मागणी येत राहिली, आरा देत राहिले, आणि त्यांच्या कामात पुनरावृत्ती शिरली. जोमदार चित्रांच्या शेजारी घाईने उरकलेली चित्रे उभी राहिली. सूझांनी केली तशी वाद ओढवून घेणारी भूमिका त्यांनी कधी घेतली नाही, हुसेन यांच्यासारखी स्वतःची आख्यायिकाही रचली नाही. साठच्या दशकात त्यांनी काळ्या स्त्री-नग्नांची मालिका रंगवली आणि तिने काहींना धक्का बसला. पण लोकांच्या मनात ते फुलांचे आणि फळांचे चित्रकार म्हणूनच राहिले.

गटातले मित्र लंडन-पॅरिसमध्ये नाव कमावत असताना आरांचा बराच वेळ रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये गेला. तिथले चिटणीसपद त्यांनी सांभाळले. गावाकडून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या तरुण चित्रकारांना तिथे प्रदर्शनाला भिंत मिळे आणि आरांची मदतही मिळे. अशा मुलांची तोंडओळख करून देणे, चार खरेदीदारांना बोलावणे, उपाशी आहे का ते ओळखणे, ही कामे चरित्रात मिरवण्यासारखी नसतात. आरांबद्दल बोलणारी जुनी मंडळी मात्र पदकांच्या आधी याच गोष्टी सांगत. ललित कला अकादमीने त्यांना आपले अधिछात्र नेमले, अकादमीच्या सर्वसाधारण समितीवरही ते होते. संसार त्यांनी थाटला नाही. वाळकेश्वरची खोली, रॅम्पार्ट रो आणि मधली चौपाटी, या पट्ट्यातच त्यांची साठ वर्षांची मुंबई मावली.

३० जून १९८५ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतरच्या दशकात भारतीय चित्रांचा बाजार उघडला आणि प्रोग्रेसिव्ह गटाच्या चित्रांच्या किमती चढत गेल्या. हुसेन, सूझा, रझा यांचे आकडे कोटींच्या घरात गेले. आरा त्यांच्या कितीतरी मागे राहिले, तरी हयातीत त्यांनी ज्या भावाने चित्रे दिली त्याच्याशी नव्या किमतींचे काही नाते उरले नाही. लिलावाच्या यादीत त्यांच्या टेबलाचे छायाचित्र असते आणि खाली लांबी, रुंदी, कागदावर जलरंग, अपेक्षित किंमत. शीर्षकाच्या जागी पुष्कळदा नुसते ‘अनटायटल्ड’ आणि पुढे कंसात स्थिरचित्र, एवढेच छापलेले असते.